टर्की अध्यक्षांचा बार्बेक्यू

कृत्रिम बुद्धिमत्ता हा मानवजातीच्या गळ्याभोवती आवळत चाललेला फास आहे आणि दक्षिण गोलार्धात तो सर्वांत आधी ओळखणारा मराठी माणूस म्हणून इतिहासाला एके दिवशी आपली दखल घ्यावी लागेल, असं हेमचंद्रराव सोहोनी यांनी जाहीर केलं. जाहीर करताना ते परसदारी बार्बेक्यूच्या शेगडीच्या झाकणाखाली मान घालून उभे होते आणि त्यांच्या तोंडात बेसनाचा अख्खा लाडू होता. त्यामुळे फोनवर पलीकडे शंतनूला इतिहास ऐकूच आला नाही. ऐकू आला तो ठसका.

"काका, आधी पाणी प्या," तो म्हणाला.

शंतनू हा ब्रिस्बेनजवळच्या स्प्रिंगफील्ड लेक्समधल्या 'तळेकाठ मराठी मंडळा'चा खजिनदार. युनिव्हर्सिटीत शिकायला आला, कायम राहण्याचा पीआर मिळाल्यावर इथेच राहिला, आणि कॉम्प्युटरमधलं कळतं या गुन्ह्याखाली मंडळाने त्याला धरला. हेमचंद्रराव हे त्याच मंडळाचे अध्यक्ष. रस्ते बांधता बांधता निवृत्त झालेले इंजिनिअर. मंडळाची निवडणूक दर वर्षी रीतसर होई, पण दुसरं कोणी उभं राहत नसे. निवडून आलं असतं तर सोहोनीकाकांचं मार्गदर्शन घ्यावं लागलं असतं.

"पाणी राहू दे," लाडू उतरल्यावर हेमचंद्रराव म्हणाले. "सुमेधाने ग्रुपवर टाकलेलं चित्र पाहिलंस का?"

"टर्कीचं ना? मस्त आहे. पोरं जाम खूश होणार."

"मस्त?"

"का? काय झालं?"

काय झालं ते सांगता येण्यासारखं असतं, तर ते सांगायला हेमचंद्ररावांना बार्बेक्यूत मान घालावी लागली नसती.

सुमेधा मंडळाचा मराठीचा वर्ग चालवायची. दिवाळीच्या आधी एका शनिवारी मंडळात मुलांसाठी 'गोष्टींची दुपार' होत असे. आजवर तिथे कोणाचे तरी आजोबा गोष्ट सांगायचे आणि मुलं झोपायची. पुष्कळदा आजोबांच्याही आधी. यंदा सुमेधाने ठरवलं की गोष्ट चित्रांतून सांगायची, मोठ्या पडद्यावर, कार्टूनसारखी. तिला स्वतःला आंबासुद्धा काढता येत नव्हता. पण हल्ली त्यामुळे काही अडत नाही. तिने एआय सहाय्यकाला सांगितलं की तळ्याकाठचे पक्षी एक मंडळ काढतात, दिवाळीसाठी लाडू करतात आणि ते लाडू कोणीतरी चोरून खातंय, अशी गोष्ट रच आणि प्रसंगाप्रसंगाला चित्र काढ. मंडळाला अध्यक्ष हवा म्हणून तिने ब्रश टर्की सुचवला. रोज एकेक चित्र तयार होई आणि आईबापांची उत्सुकता वाढावी म्हणून ती ते ग्रुपवर टाकी.

ब्रश टर्की हा पक्षी ब्रिस्बेनच्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही आणि इतरांना समजावून खरा वाटत नाही. कोंबडीपेक्षा मोठा, रंगाने काळा, आणि एकदा एखादं अंगण त्याच्या मनात भरलं की तिथला सगळा पालापाचोळा, माती, रोपं पायांनी उकरून त्यांचा डोंगर रचतो. कायद्याने त्याला हात लावता येत नाही. असा एक टर्की हेमचंद्ररावांच्या परसात इथल्या वसंतापासून, म्हणजे सप्टेंबरपासून, मुक्कामाला होता. त्याने कढीपत्ता उपटला, गवती चहा उपटला आणि तुळशीची कुंडी आडवी केली. हेमचंद्ररावांनी पाण्याचा पाइप लावून पाहिला, आरसे टांगून पाहिले, प्लास्टिकचं घुबड बसवून पाहिलं. डोंगर वाढत होता आणि आता घुबड त्या डोंगरावर होतं.

आणि या पक्ष्याला सुमेधाने अध्यक्ष केलं होतं.

पहिल्या चित्रात टर्कीचं डोकं लालबुंद आणि तुळतुळीत होतं, गळ्यात पिवळं उपरणं होतं, पोट पुढे आणि पंख पाठीमागे बांधलेले. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला हेमचंद्रराव पिवळं उपरणं घालून, हात पाठीमागे बांधून, नेमके असेच उभे राहत. त्यांनी सुमेधाला फोन केला. ती म्हणाली की काका, तो पक्षीच तसा असतो, डोकं लाल, टक्कल, गळ्याला पिवळी झालर, खिडकीतून बघा. हेमचंद्ररावांनी खिडकीतून पाहिलं. डोंगरावर टर्की उभा होता. डोकं लाल, गळा पिवळा, पंख मागे. कोणीतरी माइक आणून देण्याची वाट पाहत असल्यासारखा. निसर्गाशी वाद घालता येईना म्हणून हेमचंद्ररावांनी फोन ठेवला.

दुसऱ्या चित्रात टर्कीच्या नाकावर चष्मा आला. चष्म्याला काळी दोरी होती. टर्की व्यासपीठावरून म्हणत होता, "दोनच मिनिटं बोलतो," आणि समोर सगळे पेलिकन, बगळे, कूकाबरा माना टाकून झोपले होते. ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. हेमचंद्ररावांनी स्वतःच्या चष्म्याच्या दोरीला हात लावला. निसर्गाने टर्कीला झालर दिली असेल. दोरी दिलेली नव्हती.

पण खरा हादरा दिला तो आज सकाळच्या तिसऱ्या चित्राने. त्यात एका घराची मागची बाजू होती, तिथे निळं कव्हर घातलेला बार्बेक्यू होता आणि टर्की अध्यक्ष इकडेतिकडे बघत त्याचं झाकण उचलत होते. आत स्टीलचा डबा. डब्यात बेसनाचे लाडू.

या डब्याची हकीगत अशी. गेल्या वर्षी डॉक्टरांनी हेमचंद्ररावांच्या रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि पुन्हा पाहिला. घरी आल्यावर बायकोने, विनीताबाईंनी, साखरेचा डबा उचलला, सिंकमध्ये रिकामा केला आणि नळ सोडून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. तेव्हा हेमचंद्ररावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून शब्द दिला की आजपासून गोड बंद. "मग मीही नाही खाणार," विनीताबाई म्हणाल्या. "तुमच्यासमोर मी लाडू खाणार आणि तुम्ही बघत बसणार, हे मला जमायचं नाही." पुढे त्यांनी मंडळाच्या महिला विभागात 'साखरेविना संसार' या विषयावर भाषणही केलं. ते इतकं मुद्देसूद झालं की ते त्यांनीच लिहिलं यावर कोणाचा विश्वास बसला नाही.

हेमचंद्ररावांनी दिलेला शब्द हिवाळाभर टिकला. मग एकदा तांदूळ आणायला म्हणून ते धवलच्या किराणा दुकानात गेले, आणि धवलच्या आईने नुकतेच वळलेले लाडू काउंटरवर ठेवलेले होते, अजून कोमट.

प्रश्न लपवण्याचा होता, आणि तो त्यांनी इंजिनिअरच्या डोक्याने सोडवला. शेजारच्या ग्रेगने एका ऑस्ट्रेलिया डेला त्यांच्या बार्बेक्यूवर मांसाची सॉसेजेस भाजली होती. त्या दिवसापासून विनीताबाईंनी त्या वस्तूला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं. ती घरातली असून घराबाहेरची होती. अख्ख्या खंडात याहून सुरक्षित जागा नव्हती.

एकच गोष्ट त्यांना खटकत होती. लाडू त्यांच्या भुकेपेक्षा जास्त वेगाने कमी होत होते. डबा वरून भरलेला दिसे, पण लाडू उचलला की खाली पोकळी लागे. आणि डब्याच्या तळाशी नुसते बेदाणे पडलेले असत. पुष्कळ विचार करून त्यांनी निष्कर्ष काढला की रात्री पॉसम, म्हणजे इथलं छपरावर नाचणारं मांजराएवढं जनावर, येतं, आणि त्या पॉसमला बेदाणे आवडत नाहीत. ब्रिस्बेनचं पॉसम काहीही करू शकतं यावर त्यांचा विश्वास होता.

पण पॉसम जाऊन सुमेधाला सांगणार नव्हतं. मग सांगितलं कोणी?

ते आत आले तेव्हा विनीताबाई जेवणाच्या टेबलाशी होत्या. हातात फोन, फोनवर तेच चित्र. हेमचंद्ररावांची चाहूल लागताच त्यांनी फोन उलटा ठेवला.

"हल्ली काहीही काढतात," त्या म्हणाल्या.

"काहीही," हेमचंद्रराव म्हणाले.

"कव्हरसुद्धा आपल्यासारखंच निळं."

"निळंच मिळतं. सगळीकडे निळंच असतं."

"असेल. मी कुठे बघायला जाते त्याच्याकडे."

दोघांनी बिनसाखरेचा चहा घेतला. विनीताबाई कपाच्या तळाकडे बघत होत्या आणि हेमचंद्रराव विनीताबाईंकडे. हिला कळलंय, ते मनाशी म्हणाले. कळलंय आणि ही शनिवारची वाट बघतेय. शनिवारी सगळ्या मंडळासमोर, पहिल्या रांगेत, अध्यक्षांच्या शेजारी बसून ती पडद्यावर आपल्या नवऱ्याचं तोंड लाडवाने भरलेलं बघणार. लोक हसतील ते सोसता आलं असतं. पण सिंकपाशी पाठमोरी उभी राहिलेली विनीता त्यांना आठवली.

संशयाला एकदा घरात घेतलं की तो प्रत्येक वस्तूवर बसून बघतो. हेमचंद्ररावांनी घराची तपासणी सुरू केली. सकाळी भूपाळ्या लावणारा स्पीकर ऐकत असला पाहिजे, म्हणून तो त्यांनी तांदळाच्या डब्यात खोल पुरला. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो टुणटुण करी, म्हणजे त्यालाही काहीतरी कळत होतं. त्याच्यासमोर त्यांनी बोलणं बंद केलं. राहता राहिला आपोआप केर काढणारा चकतीसारखा झाडू. तो दुपारी नेमका मागच्या काचेच्या दाराशी जाऊन थांबायचा, आणि त्या दारातून बार्बेक्यू सरळ दिसायचा. त्याचं काय करावं हे हेमचंद्ररावांना सुचेना, तोच विनीताबाई एक जुना पंचा घेऊन आल्या आणि त्यांनी तो झाडूवर झाकला.

"त्यांना डोळे असतात म्हणे," त्या म्हणाल्या. "सगळं साठवून ठेवतात."

"तुला काय लपवायचंय?"

"मला काय असणार. तुमचं चाललंय म्हणून म्हटलं."

बायको काही न विचारता आपली बाजू घेते हे पाहून हेमचंद्ररावांना भरून आलं. त्यामुळे अपराधी वाटलं, आणि त्या भरात ते एक लाडू खाऊन आले.

आता शनिवारचा कार्यक्रमच थांबवायचा, निदान चित्रं तरी, असं त्यांनी ठरवलं. शुक्रवारी कमिटीची बैठक होती. तिथे जोरदार बोलायचं. त्यासाठी भाषण हवं होतं, आणि भाषणासाठी हेमचंद्रराव गेलं वर्षभर ज्याच्याकडे जात होते त्याच्याकडेच ते गेले. म्हणजे एआय सहाय्यकाकडे.

यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. मानवजातीच्या गळ्यातला फास वेगळा आणि आपला सेक्रेटरी वेगळा. शंतनूने गेल्या वर्षी तो त्यांच्या फोनवर चालू करून दिला होता, आणि मोठ्या संस्थांत अध्यक्षांना गाडी देतात तशी ही मंडळाने आपल्याला दिलेली सोय आहे, असं ते धरून चालले होते. आधी भाषणं, मग शुभेच्छा, मग श्रद्धांजल्या, मग कार्यक्रमांच्या फोटोंखालच्या ओळी, असं करत करत त्यांची त्याच्याशी सलगी वाढली. तो हसत नसे, मध्ये बोलत नसे, आणि मुख्य म्हणजे झोपत नसे. बंद बार्बेक्यूत ठेवलेले बेसनाचे लाडू इथल्या उकाड्यात किती टिकतील, हेही त्यांनी त्यालाच विचारलं होतं. त्याने नीट उत्तर दिलं होतं आणि शेवटी डॉक्टरांचा सल्ला घेण्याची आठवण केली होती. "ते मी बघतो," असं हेमचंद्ररावांनी त्याला सांगितलं होतं.

त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि हळू आवाजात भाषण सांगितलं. मशीनने काढलेल्या चित्रांमुळे मुलांच्या कल्पनाशक्तीवर होणारा आघात. आपली संस्कृती. आजोबांचं स्थान. "आणि लाडवांचा उल्लेख कुठेही नको," असं बजावून सांगितलं. भाषण झकास उतरलं. त्यातलं 'ज्या हातांनी रेघ ओढली नाही, त्या हातांनी संस्कार कसे घडतील?' हे वाक्य त्यांनी आरशासमोर म्हणून पाहिलं, दोनदा.

शुक्रवारी सकाळी सुमेधाने चौथं चित्र टाकलं. टर्की अध्यक्ष व्यासपीठावर उभे होते. मागे फलक, 'चित्रं नकोत'. एक पंख छातीवर, दुसरा पाठीमागे, आणि पाठीमागच्या पंखात लाडू. तोंडातून वाक्य बाहेर पडत होतं, "ज्या हातांनी रेघ ओढली नाही, त्या हातांनी संस्कार कसे घडतील?"

हेमचंद्रराव खुर्चीत बसले. ते वाक्य पृथ्वीवर त्यांच्याशिवाय फक्त आरशाने ऐकलं होतं. त्यांनी आरसा भिंतीवरून काढून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

मग मात्र त्यांनी टोपी घातली आणि तळ्याला वळसा घालून सुमेधाचं घर गाठलं. सुमेधा ओट्याशी मुलांसाठी पुठ्ठ्याच्या चोची कापत बसली होती. ती आपली चहा टाकायला उठली, पण हेमचंद्ररावांनी तिला हाताने थांबवलं.

"खरं सांग. माझ्या घरात काय लावलंयस?"

"मी? तुमच्या घरात?"

"ते वाक्य तुझ्याकडे कसं आलं?"

"संस्कारांचं? काका, ते सुंदरच आहे. मी काहीच केलं नाही. मी एवढंच म्हणते की पुढचा प्रसंग काढ. ते विचारतं, अध्यक्षांच्या स्वभावाला धरून काढू का? मी म्हणते, काढ."

"अध्यक्षांचा स्वभाव त्याला कोणी सांगितला?"

"मी तरी नाही. मला वाटलं, त्याने अशा पुष्कळ गोष्टी वाचलेल्या असणार."

"हे तुझं खातं आहे ना? तुझं स्वतःचं?"

"माझं कुठलं. मंडळाचं. सगळे तेच वापरतात. तुम्हीच नाही का कमिटीत म्हणालात? प्रत्येकाला वेगळं कशाला, एकात सगळ्यांचं भागतंय."

हेमचंद्ररावांना आठवलं. म्हणाले होते. शंतनू बिचारा सांगत होता की काका, सेपरेट घेतलेलं बरं, ते सगळं लक्षात ठेवतं. त्यावर 'दोनच मिनिटं बोलतो' म्हणून त्यांनी काटकसर या मूल्यावर बराच वेळ भाषण केलं होतं आणि ठराव टाळ्यांनी मंजूर झाला होता. आपल्याला खास सोय मिळाली असं जे त्यांना वाटत होतं, ती सोय मंडळातल्या प्रत्येक घरात होती. सगळ्या मजल्याला मिळून एकच नळ असावा, त्यावर प्रत्येक बिऱ्हाडाने आपापली भांडी घासावीत, आणि नळाला बोलता यावं, तसं झालं होतं. सुमेधाने अध्यक्ष मागितला आणि नळाने, आपल्याला ठाऊक असलेला एकमेव अध्यक्ष, बार्बेक्यूसकट काढून दिला.

"काका, बसा ना," सुमेधा म्हणाली. तिने एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा फोनवरच्या टर्कीकडे पाहिलं, आणि मग पुठ्ठ्याची चोच बारकाईने कापायला घेतली. "मी काही विचारत नाही."

"विचारण्यासारखं काही नाहीच," हेमचंद्रराव म्हणाले. "शेवटचं चित्र व्हायचंय ना? ते अध्यक्ष या नात्याने मी बघतो. तू तुझ्या चोची बघ."

सुमेधाला अजून डझनावारी चोची व्हायच्या होत्या. ती लगेच हो म्हणाली.

घरी येऊन हेमचंद्ररावांनी फोनवरची यादी पहिल्यांदाच खाली सरकवली. आजवर जे वर दिसेल तेवढंच वापरायचं हा त्यांचा नियम होता. आता त्यांच्या भाषणाच्या खालीच 'टर्की अध्यक्षांची गोष्ट' दिसली. त्याखाली आणखीही बरंच काही होतं, पण इतरांचं वाचणं अध्यक्षांना शोभत नाही म्हणून त्यांनी ते वाचलं नाही. तेवढं वाचलं असतं तर ही कथा इथेच संपली असती.

सगळं विसरून जा, असं सांगावं का, याचा त्यांनी विचार केला. पण एवढी भाषणं वाया गेली असती. त्यांनी सौम्य मार्ग धरला. टाइप केलं, 'शेवटच्या चित्रात अध्यक्ष निर्दोष ठरतात. लाडू त्यांनी खाल्लेले नाहीत. त्यांनी डब्याला फक्त तपासणीसाठी हात लावला होता.'

सहाय्यकाने लिहिलं, 'समजलं. अध्यक्ष निर्दोष. पण लाडू कमी झाले आहेत हे मुलांना माहीत आहे. ते कोणी खाल्ले असं दाखवू?'

हेमचंद्ररावांच्या डोळ्यांसमोर पॉसम आलं. पण पॉसम म्हणण्यात आपण बार्बेक्यूकडे जातो याची कबुली येत होती, आणि या नळासमोर त्यांना आता एकही शब्द जास्त बोलायचा नव्हता. त्यांनी लिहिलं, 'ते तुला माहीत असेल त्यावरून ठरव. अध्यक्ष सोडून कोणीही चालेल.' आणि चित्र न पाहताच फोन खिशात टाकला, कारण काचेच्या दाराआड विनीताबाई उभ्या होत्या.

कमिटीच्या बैठकीत त्यांनी भाषण केलं नाही. शंतनूने तब्येत विचारली.

शनिवारी दुपारी हॉल भरला. हेमचंद्ररावांनी उपरणं घरी ठेवलं होतं आणि चष्म्याची दोरी कापली होती. प्रास्ताविक म्हणून ते उभे राहिले आणि खरोखर दोनच मिनिटं बोलले. लोक टाळ्या वाजवायलाच विसरले. मग पुठ्ठ्याच्या चोची लावलेली मुलं जमिनीवर बसली, दिवे गेले आणि पडद्यावर टर्की आला.

"दॅट्स सोहोनीकाका," पहिल्या ओळीतली एक चोच म्हणाली.

"नो डार्लिंग, तो पक्षी आहे," सुमेधा म्हणाली.

"बट ही लुक्स लाइक हिम."

"पक्षी असाच दिसतो."

झोपलेल्या बगळ्यांना मुलं हसली. बार्बेक्यूपाशी हॉल शांत झाला. विनीताबाई हेमचंद्ररावांच्या शेजारी ताठ बसून समोर बघत होत्या, हातातल्या रुमालाची घडी घालत आणि मोडत. हेमचंद्रराव शेवटच्या चित्राची वाट बघत होते. आता निकाल लागेल, मग आपण विनीताकडे वळून सहज म्हणू, बघ, बिचाऱ्यावर उगीच संशय.

"तर मग मुलांनो, लाडू खाल्ले कोणी?" सुमेधाने विचारलं आणि शेवटचं चित्र लावलं. तेही तिने स्वतः आधी पाहिलेलं नव्हतं, कारण ते अध्यक्ष बघणार होते.

चित्रात दुपार होती. टर्की अध्यक्ष सोफ्यावर उताणे झोपले होते, तोंडावर वर्तमानपत्र, डोक्याभोवती निर्दोषपणाचं पिवळं वलय. काचेच्या दारापलीकडे बार्बेक्यूचं झाकण उघडं होतं. झाकणाला हात लागू नये म्हणून ते एका जुन्या पंचाने धरून वर केलेलं होतं. आणि समोर उभी होती एक टर्कीण. डोक्यावर छोटासा अंबाडा, हिरव्या काठाची साडी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एक गाल फुगलेला. ती डब्यात उरलेले लाडू मध्ये पोकळी ठेवून मोठ्या निगुतीने रचत होती, आणि बाजूला बेदाण्यांचा एक छोटा ढीग होता. तोंडातून वाक्य बाहेर येत होतं, "असे रचले की डबा भरलेला दिसतो."

हेमचंद्ररावांना आधी सुटल्यासारखं वाटलं. मग त्यांना पंचा दिसला. मग बेदाणे दिसले. मग त्यांनी अगदी सावकाश, मान न वळवता, फक्त डोळे डावीकडे नेले. 'साखरेविना संसार' हे भाषण इतकं मुद्देसूद का झालं होतं, हे त्यांना या क्षणी कळलं. त्याच नळावर तिचीही भांडी होती.

विनीताबाईंचं तोंड टर्कीच्या डोक्याच्या रंगाचं झालं होतं. हॉलमधली सगळी मोठी माणसं एकाच वेळी पहिल्या रांगेकडे बघत होती, आणि एकाच वेळी न बघितल्यासारखं करत होती. मुलं हसून गडाबडा लोळत होती. पहिली टाळी विनीताबाईंनीच वाजवली. जरा जोरात वाजवली. मग हेमचंद्ररावांनी वाजवली, आणि मग सगळ्या हॉलने सुटका झाल्यासारख्या टाळ्यांचा पाऊस पाडला.

कार्यक्रम संपल्यावर लाडू वाटले गेले. ताट सोहोनी दांपत्यासमोर आलं तेव्हा दोघांनी एका सुरात "नको, आम्ही सोडलंय" म्हटलं. ताट धरणाऱ्या शंतनूने "नो वरीज" म्हणून ते झटकन पुढे नेलं. त्याला हसू आवरत नव्हतं, आणि ताट हलत होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत हेमचंद्रराव मनातल्या मनात भाषण जुळवत होते. रागवावं, तर आपल्या शब्दाचा प्रश्न निघणार. माफी मागावी, तर तिच्या शब्दाचं काय? प्रास्ताविक सापडत नव्हतं, समारोप तर दूरच. आणि या वेळी विचारायला कोणी नव्हतं, म्हणजे होतं, पण त्याला विचारायची सोय उरली नव्हती.

घर आलं. गाडीच्या वाटेत मधोमध खरा टर्की उभा होता. डोकं लाल, गळा पिवळा, पायाखाली विनीताबाईंच्या शेवंतीचं रोप. हेमचंद्ररावांनी हॉर्न वाजवला नाही. त्यांनी इंजिन बंद केलं आणि घसा साफ केला.

"विनीता, मला दोनच मिनिटं बोलायचंय."

"नका बोलू."

टर्कीने त्यांच्याकडे पाहिलं आणि रोप घेऊन मागच्या अंगणात निघून गेला. विनीताबाईंनी पट्टा सोडला, पर्स उचलली, दार उघडलं, आणि उतरता उतरता मागे न बघता म्हणाल्या,

"पुढच्या वेळी तेवढे बेदाणे नसलेले आणा."